काचेच्या पेटीतील समुद्र : सामू आणि अल्कता



घरात काचेची पेटी ठेवून तिच्यात खारे पाणी भरावे आणि समुद्रातले मासे, शिंपले, प्रवाळ असे जीव पाळावेत, हा छंद आता जगातल्या पुष्कळ शहरांत रुजला आहे. मुंबईचे तारापोरवाला मत्स्यालय १९५१ साली सुरू झाले, तेव्हापासून आपल्यापैकी अनेकांनी समुद्रातला जिवंत मासा प्रथम पाहिला तो काचेआडच. परंतु असा मासा घटकाभर पाहणे वेगळे आणि त्याला वर्षानुवर्षे जगवणे वेगळे. पेटी पाळणाऱ्या माणसापुढे पहिल्या वर्षातच बहुधा एक अडचण उभी राहते. तो पाण्याचा सामू मोजतो, आणि तो उतरलेला दिसतो. दुकानात सामू चढवण्याची भुकटी मिळते. ती आणून तो पाण्यात घालतो. आकडा चढतो, पण दुसऱ्या दिवशी सकाळी पाहावे तो पुन्हा खाली. मग पुन्हा भुकटी. असे काही आठवडे चालले की एके दिवशी पाणी दुधासारखे पांढरे होते, पंपावर चुन्याची पुटे चढतात आणि जीव मरू लागतात. ज्याने आकडा सुधारला त्यानेच घात का करावा? ह्या एका प्रश्नाचे उत्तर आज आपल्यापुढे मांडावयाचे आहे.

हा विषय कामगार चळवळीतल्या माणसाने का घ्यावा, असे कोणाच्या मनात आले तर त्याचे उत्तर सोपे आहे. महागाईचा निर्देशांक वेगळा आणि घरातल्या डब्यात उरलेले धान्य वेगळे, हा धडा आमच्या चळवळीने फार जुन्या काळी गिरवला आहे. पाण्याच्या बाबतीतही एक आकडा असतो आणि एक शिल्लक असते. आकड्याला सामू म्हणतात, शिल्लकीला अल्कता म्हणतात. ह्या दोहोंची गल्लत झाली की वर सांगितलेला अनर्थ ओढवतो. मी रसायनशास्त्र कॉलेजात शिकलेलो नाही, पुस्तके वाचून शिकलो आहे. त्यामुळे मला ज्या पायऱ्यांनी ते समजले त्याच पायऱ्यांनी आपल्याला घेऊन जातो.

पहिली पायरी सामूची. सामू म्हणजे पीएच. ही मोजणी १९०९ साली डेन्मार्कचे रसायनशास्त्रज्ञ सॉरेन सॉरेन्सन यांनी सुचवली. कोपनहेगन येथे कार्ल्सबर्ग ह्या बिअरच्या कारखान्याने स्थापन केलेल्या प्रयोगशाळेत ते काम करीत असत. शुद्ध पाण्याचा सामू ७ धरला आहे. त्याखाली आम्ल, त्यावर अल्क. लिंबाचा रस २ च्या आसपास, चुन्याची निवळी १२ च्या वर, आणि समुद्राचे वरच्या थरातले पाणी ८.१ च्या आसपास. ह्या मोजणीत एक मेख आहे. एक अंशाचा फरक म्हणजे दहापट फरक. सामू ८.२ वरून ७.९ वर आला तर आपल्याला ते तीन दशांश एवढेच दिसते, पण त्याचा अर्थ पाण्यातला आम्लाचा अंश दुप्पट झाला असा होतो. म्हणून हा लहानसा आकडा क्षुल्लक मानू नये.

दुसरी पायरी अल्कतेची. पाणी किती आम्ल पचवू शकेल, ह्याचे माप म्हणजे अल्कता. ती मोजण्याची रीतही तशीच आहे. ठरावीक पाणी घ्यावयाचे, त्यात रंग बदलणारे एक द्रव्य घालावयाचे, आणि आम्लाचे थेंब मोजत सोडावयाचे. किती थेंबांनंतर रंग पालटला, त्यावरून पाण्याची ताकद कळते. पेटी पाळणारे लोक हे माप बहुधा जर्मन अंशांत सांगतात. समुद्राच्या पाण्याची अल्कता साधारण साडेसहा ते सात अंश असते, आणि पेटीत ती सात ते अकराच्या दरम्यान ठेवण्याचा प्रघात आहे.

ही ताकद येते कोठून? मुख्यतः पाण्यात विरघळलेल्या दोन द्रव्यांतून. एक बायकार्बोनेट आणि दुसरे कार्बोनेट. आपण त्यांना नाणी समजू. बायकार्बोनेट म्हणजे एक रुपयाचे नाणे, कारण त्याचा एक कण आम्लाचा एकच कण पचवतो. कार्बोनेट म्हणजे दोन रुपयांचे नाणे, कारण त्याचा एक कण आम्लाचे दोन कण पचवतो. समुद्रात एक रुपयाची नाणी पुष्कळ, दहांत सुमारे नऊ, आणि दोन रुपयांची थोडी. एकूण रुपये किती, हे सांगते ती अल्कता. कोणती नाणी किती, हे कळते ते सामूवरून. सामू चढला की दोन रुपयांची नाणी वाढलेली असतात, उतरला की ती मोडलेली असतात.

आता तिसरी पायरी, आणि हीच सर्वांत महत्त्वाची. ही नाणी मोडते कोण? हवेतला कार्बन डायऑक्साइड, ज्याला पुढे मी सोयीसाठी कर्बवायू म्हणेन. हा वायू पाण्यात शिरला की दोन रुपयांचे एक नाणे मोडून एकेक रुपयाची दोन नाणी होतात. सामू उतरतो. हा वायू पाण्यातून निघून गेला की उलट घडते. एकेक रुपयाची दोन नाणी मिळून दोन रुपयांचे एक नाणे बनते आणि सामू चढतो. परंतु दोन्ही वेळी एकूण रुपये तेवढेच राहतात. म्हणजे कर्बवायूच्या येण्याजाण्याने सामू हलतो, अल्कता हलत नाही. एवढे एक वाक्य ज्याने ध्यानात ठेवले त्याची निम्मी पेटी वाचली असे समजावे.

आता आपल्या घराकडे पाहू. बाहेरच्या हवेत दर दहा लाख भागांत कर्बवायूचे ४२० हून थोडे अधिक भाग असतात. पण दारेखिडक्या लावून चार माणसे रात्रभर झोपलेली असली, की खोलीत हे प्रमाण सहज हजारावर जाते. आपल्याच श्वासातला तो वायू पेटीच्या पाण्यात उतरतो. अल्कता तेवढीच असताना हवेतला कर्बवायू दुप्पट झाला, तर पाण्याचा सामू पाव अंशाहून थोडा अधिक उतरतो. म्हणजे दोष पाण्याचा नाही, खोलीचा आहे.

दोष खोलीचा की पाण्याचा, हे पारखण्याची एक साधी रीत आहे. पेटीतले भांडेभर पाणी घ्यावे, त्याचा सामू मोजावा, आणि ते उघड्या हवेत नेऊन त्यात तासभर हवेचे बुडबुडे सोडावेत. मग पुन्हा मोजावे. सामू चांगलाच चढला, तर पाण्याची शिल्लक ठीक आहे आणि खोलीची हवा कोंदलेली आहे. चढला नाही, तर अल्कता मोजून पाहावी. ह्या परीक्षेला कोणतीही बाटली विकत आणावी लागत नाही.

कोंदलेल्या हवेवरचा उपायही हवेचाच. खिडकी उघडावी. ते जमत नसेल तर पाण्यात बुडबुडे सोडणाऱ्या यंत्राची हवेची नळी भिंतीतून बाहेर न्यावी. बाजूच्या लहान टाकीत शेवाळ वाढवून तिच्यावर रात्री दिवा लावावा, म्हणजे मुख्य पेटी अंधारात असताना ते शेवाळ कर्बवायू खाते. पेटीतले दिवे लागण्याच्या वेळी सकाळी सामू सर्वांत खाली आणि संध्याकाळी सर्वांत वर असतो, त्याचे कारणही हेच. १९४८ च्या फॅक्टरी अ‍ॅक्टाच्या तेराव्या कलमाने कामाच्या जागी ताजी हवा खेळती ठेवणे मालकावर बंधनकारक केले. खात्यात हवा कोंदली म्हणून कामगाराला शक्तीचे औषध पाजणे हा त्यावरचा तोडगा नव्हे, हे ज्याला पटते त्याला पेटीचे मर्मही पटावे.

काचेची पेटी इमारतीएवढी झाली तर काय होते, हेही जगाने पाहिले आहे. अमेरिकेतील अ‍ॅरिझोना राज्यात ‘बायोस्फिअर टू’ नावाचे काचेचे एक अवाढव्य घर बांधण्यात आले. त्यात शेत होते, अरण्य होते आणि पंचवीस लाख लिटरांहून मोठा प्रवाळांसह समुद्रही होता. २६ सप्टेंबर १९९१ रोजी आठ माणसे आत गेली आणि दरवाजे बंद झाले. ती दोन वर्षांनी बाहेर आली. आतल्या सकस मातीतले सूक्ष्म जीव इतके श्वसन करीत होते की हवेतला कर्बवायू बाहेरच्यापेक्षा कितीतरी पट वाढला. त्या समुद्राचा सामू खाली ओढला जाऊ लागला. तेथे खिडकी उघडणे हा प्रयोगाचाच भंग झाला असता. म्हणून आतल्या लोकांना समुद्रात सोडा मिसळून अल्कता वाढवावी लागली. एकूण रुपयेच वाढवले, म्हणजे नाणी मोडली तरी दोन रुपयांची काही हाती उरतात. पुढे त्याच समुद्रात ख्रिस लँग्डन व त्यांच्या सहकाऱ्यांनी अनेक वर्षे प्रयोग केले आणि २००० साली निष्कर्ष प्रसिद्ध केला. प्रवाळ आपला सांगाडा किती वेगाने बांधतात हे पाण्यातल्या कार्बोनेटच्या प्रमाणावर अवलंबून असते, असे त्यांना आढळले. म्हणजे बांधकामाला लागते ते दोन रुपयांचे नाणे.

येथे चौथी पायरी येते. आतापर्यंत आपण शिल्लक कायम राहते असे धरले. पण पेटीत प्रवाळ वा शिंपले वाढत असतील तर शिल्लक खर्चही होते. कॅल्शियम कार्बोनेटचा एक कण रचण्यात अल्कतेचे दोन रुपये जातात. ही रक्कम परत भरली नाही तर अल्कता रोज उतरत जाते, सामूही उतरतो, आणि अशा वेळी खिडकी उघडून भागत नाही. तेव्हा रोग दोन आहेत आणि उपाय दोन आहेत. कर्बवायू वाढला तर हवा द्यावी. शिल्लक घटली तर भर घालावी. मात्र एक गोष्ट सांगून ठेवतो. आपल्या देशात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने समुद्रातल्या प्रवाळांना संरक्षण दिले आहे. ते काढून घरी आणण्याचा मोह कोणी धरू नये.

भर घालावयाची ती कशाने? तीन द्रव्ये आपल्या घरच्या ओळखीची आहेत. खाण्याचा सोडा, धुण्याचा सोडा आणि चुन्याची निवळी. तिन्ही अल्कता वाढवतात, पण सामूवर तिघांचा परिणाम निरनिराळा होतो. शंभर लिटर पाण्याची अल्कता सुमारे १.४ अंशाने वाढवावयाची असे धरू. त्यासाठी खाण्याचा सोडा ४.२ ग्रॅम लागेल, किंवा पाण्याचा अंश नसलेला धुण्याचा सोडा २.६५ ग्रॅम लागेल, किंवा निवळी सुमारे सव्वा लिटर लागेल. तिन्ही वेळा शिल्लक सारखीच वाढली. पण खाण्याच्या सोड्याने सामू जागचा हलत नाही, उलट पहिल्यांदा किंचित उतरतोच. धुण्याच्या सोड्याने तो लगेच सुमारे ०.३ ने चढतो. निवळीने त्याच्या दुपटीइतका, म्हणजे ०.६ ने चढतो.

असे का, ते नाण्यांच्या हिशेबाने पाहावे. खाण्याचा सोडा म्हणजे निव्वळ बायकार्बोनेट, एक रुपयाची नाणी. पाण्यात ती आधीच भरपूर आहेत, त्यात आणखी पडली. धुण्याचा सोडा म्हणजे कार्बोनेट, सरळ दोन रुपयांची नाणी. आणि निवळी तर स्वतः कर्बवायू गिळून त्याची नाणी पाडते, म्हणून तिचा झटका सर्वांत मोठा. खाण्याचा सोडा भट्टीत चांगला तापवला की त्यातला कर्बवायू व पाणी उडून जाते आणि धुण्याचा सोडा उरतो. पुष्कळ हौशी लोक घरी तेच करतात.

निवळीविषयी थोडे अधिक सांगण्यासारखे आहे. आपल्या कोकणात शिंपले भाजून चुना करण्याची रीत जुनी आहे. शिंपला भाजला की त्यातला कर्बवायू निघून जातो आणि कळीचा चुना राहतो. तो पाण्यात विझवावा, निवू द्यावा, वरचे स्वच्छ पाणी घ्यावे, ती निवळी. शाळेत नळीने तिच्यात फुंकर घालून ती दुधाळ करण्याचा प्रयोग आपल्यापैकी अनेकांनी केला असेल. ती दुधाळ का होते? श्वासातला कर्बवायू मिळताच पुन्हा शिंपल्याचेच द्रव्य तयार होते म्हणून. पेटीत थेंबाथेंबाने सोडलेली निवळी कॅल्शियम आणि अल्कता ही दोन्ही नेमक्या त्याच प्रमाणात देते, ज्या प्रमाणात प्रवाळ ती वापरतो. उडून गेलेल्या पाण्याच्या जागी ती रात्री हळूहळू सोडतात, कारण रात्री सामू खाली असतो. मात्र त्यासाठी पानाचा चुना घेऊ नये, शुद्ध द्रव्य घ्यावे. निवळी डोळ्यांना आणि कातडीला भाजते, हेही विसरू नये.

आता पहिल्या प्रश्नाकडे वळू. आपला गृहस्थ कोंदलेल्या खोलीत राहतो. त्याच्या पाण्याची अल्कता आठ अंश, म्हणजे ठीक होती, पण कर्बवायूमुळे सामू उतरला होता. त्याने सोड्याची भुकटी घातली, सामू चढला. रात्री खोलीतला कर्बवायू पाण्यात शिरला, नवी नाणीही मोडली, सामू परत खाली. त्याला वाटले, औषध वाया गेले. ते वाया गेले नव्हते. एकूण रुपये वाढूनच राहिले होते. पण तो रुपये मोजतच नव्हता, फक्त आकडा पाहत होता. रोजच्या भुकटीने अल्कता आठाची दहा, दहाची तेरा, पंधरा अशी चढत गेली. शेवटी एखाद्या मात्रेने दोन रुपयांची नाणी एवढी झाली की पाण्यातल्या कॅल्शियमशी त्यांची सांगड जीवांच्या अंगात न पडता पाण्यातच पडली. तोच तो दुधाळपणा, तीच ती पंपावरची पुटे. त्यात कॅल्शियम गेले, अल्कताही कोसळली, आणि ह्या घडामोडीत सुटलेल्या कर्बवायूने सामू पुन्हा खाली ओढला. जीव ह्या हेलकाव्याने मेले. अल्कता एकदा मोजली असती तर दुसऱ्याच दिवशी कळले असते की भुकटी थांबवून खिडकी उघडावयास हवी.

म्हणून नियम असा. सामू कमी आणि अल्कता ठीक असेल तर हवा द्या. दोन्ही कमी असतील तर निवळी वा धुण्याचा सोडा द्या. सामू ठीक आणि अल्कता कमी असेल तर खाण्याचा सोडा द्या. सामू कमी आणि अल्कता जास्त असेल तर काहीही घालू नका, हवा खेळती करा. आणि जे घालाल ते थोडे, विरघळवून, वाहत्या पाण्यात, पुन्हा मोजून.

हा केवळ छंदाचा प्रश्न असता तर आपला एवढा वेळ मी घेतला नसता. अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर ऑरेगन राज्यात नेटार्ट्‌स नावाची खाडी आहे. तेथील ‘व्हिस्की क्रीक’ ह्या केंद्रात खाऱ्या पाण्याच्या टाक्यांतून कालवांचे बीज तयार करतात आणि किनाऱ्यावरचे कालवं वाढवणारे ते विकत घेतात. २००७ आणि २००८ साली त्या टाक्यांतली पिल्ले प्रचंड संख्येने मेली. प्रथम रोगजंतूंचा संशय घेतला गेला. पुढे विद्यापीठातल्या शास्त्रज्ञांच्या मदतीने पाणी तपासले तेव्हा कारण कळले. वाऱ्यामुळे समुद्राच्या तळाकडचे थंड, कर्बवायूने भारलेले पाणी वर येत होते आणि तेच टाक्यांत खेचले जात होते. कालवाचे पिल्लू पहिल्या दोन दिवसांत आपले पहिले कवच घडवते. नेमके त्याच वेळी दोन रुपयांची नाणी मोडलेली. मग त्यांनी दोन गोष्टी केल्या. खाडीतल्या वनस्पतींनी दिवसभर उन्हात कर्बवायू खाल्ल्यावर दुपारनंतर पाणी घेऊ लागले, आणि येणाऱ्या पाण्यात धुण्याचा सोडा मोजून सोडू लागले. उत्पादन पुन्हा उभे राहिले. त्या बीजावर ज्यांची चूल अवलंबून होती त्या माणसांना सामू आणि अल्कता हे शब्द पुस्तकी राहिले नाहीत.

टाकीला सोडा पुरला. समुद्राचे काय? कारखानदारीच्या आधी हवेत दर दहा लाखांत कर्बवायूचे सुमारे २८० भाग होते, ते आता ४२० च्या वर गेले. त्यातला मोठा वाटा समुद्राने गिळला आणि त्याच्या वरच्या थराचा सरासरी सामू ८.२ वरून ८.१ वर आला. समुद्राची अल्कता जवळजवळ तेवढीच आहे, पण दोन रुपयांची नाणी मोडत चालली आहेत. कोंदलेल्या खोलीतल्या पेटीचे जे झाले तेच मोठ्या मापाने होत आहे. समुद्रात चुना किंवा तत्सम द्रव्ये मिसळावीत असे प्रयोग आज सुरू आहेत. पण शंभर किलो चुनखडी भाजली की भट्टीतून ४४ किलो कर्बवायू बाहेर पडतो, जळणाचा वेगळाच, हा हिशेब ते करणाऱ्यांना सोडवावा लागेल.

मालवणच्या पाण्यात प्रवाळ आहेत. ओहोटीला खडकावरची कालवं फोडणाऱ्या आणि वाळूतल्या तिसऱ्या वेचणाऱ्या बाया आपल्या किनाऱ्यावर आहेत. त्यांच्या टोपलीतला प्रत्येक शिंपला ह्याच दोन रुपयांच्या नाण्यांनी बांधलेला असतो. घरातल्या पेटीला निदान खिडकी तरी असते. समुद्राला बाहेरची अशी दुसरी हवा नाही. जी आहे ती आपण सर्वांनी मिळून वापरावयाची आहे, आणि म्हणून तिच्यात काय सोडावे हेही आपणा सर्वांनाच ठरवावे लागेल.